डीएक्स७चा आवाज फाटतोय? दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

यामाहाचा डीएक्स७ हा सिंथेसायझर बाजारात आला १९८३ साली. म्हणजे आज हाती येणारं प्रत्येक यंत्र चाळिशीचं किंवा त्याच्या आसपासचं आहे. तरीही ही यंत्रं बहुतेक वेळा चालू होतात, पडद्यावर पॅचचं, म्हणजे साठवलेल्या आवाजाचं, नाव येतं, कीही वाजतात. तक्रार असते ती आवाजाची: तो फाटतो, खरखरतो, मागे घरघर येते, किंवा सूर विरताना वाळू घासल्यासारखा वाजतो. अशा वेळी लोक दोनच गोष्टी करतात. एकतर सगळे कंडेन्सर सरसकट बदलतात, नाहीतर ‘मुख्य आयसी गेला’ म्हणून यंत्र भंगारात काढतात. दोन्हींची गरज क्वचितच पडते. फाटणारा आवाज कधी फाटतो आणि कधी फाटत नाही हे नीट ऐकलं, तर यंत्र उघडण्याआधीच दोषाची जागा बरीचशी कळते.

इथली माहिती पहिल्या डीएक्स७ची आहे. १९८७च्या डीएक्स७-टूमध्ये सोळा बिटांचा डॅक (डिजिटल आकड्यांची अॅनालॉग लहर करणारा आयसी) आहे, त्यामुळे खालचा डॅकबद्दलचा भाग त्याला लागू नाही. बाकीची पद्धत चालेल.

आधी वीज

कुठलंही बटण दाबण्याआधी मागच्या बाजूची व्होल्टेजची पट्टी वाचा. जपानहून आलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेतलं १२० व्होल्टचं. ही आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावली तर पहिल्याच झटक्यात फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मर जातो. स्टेप-डाऊन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, लागतोच, आणि १०० व्होल्टच्या यंत्राला १०० व्होल्टचाच घ्यावा. ११० किंवा १२० व्होल्टवर ते चालतं, पण रेग्युलेटर (आतलं व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) विनाकारण तापतात.

उलटी चूकही होते. कुणीतरी ‘परदेशी माल आहे’ म्हणून २२० ते २४० व्होल्टचं यंत्र स्टेप-डाऊनवर लावतं. मग रेग्युलेटरला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. यंत्र चालूच झालं नाही तर चूक लगेच कळते. अर्धवट चालू झालं तर मात्र घरघर आणि फाटका आवाज सुरू होतो आणि माणूस आयसी शोधत बसतो. गावाकडे संध्याकाळी लाइन १८० व्होल्टपर्यंत उतरते तेव्हाही असंच होऊ शकतं. दिवसा स्वच्छ आणि रात्री फाटका वाजणारा डीएक्स७ असेल, तर आधी मल्टीमीटरने सॉकेटचं व्होल्टेज मोजा.

बाहेरचे संशयित

डीएक्स७चं आउटपुट लाइन लेव्हलचं, मोनो आणि अनबॅलन्स्ड आहे. ते मिक्सरच्या माइक इनपुटला दिलं की जोरात वाजवताना फाटणारच. गिटारच्या अँपलाही तेच. लाइन इनपुट वापरा, गेन पूर्ण खाली आणा, मग हळूहळू चढवा. रेकॉर्डिंग करताना सर्वांत मोठा कॉर्ड उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं पाहा. एफएमच्या, म्हणजे डीएक्स७ ज्या पद्धतीने आवाज घडवतो त्या पद्धतीच्या, पॅचमध्ये घंटा, मॅलेट, इलेक्ट्रिक पियानो अशा आवाजांचा पहिला ठोका बाकीच्या सुरापेक्षा फार उंच असतो. मीटरची सुई शांत दिसते आणि ठोका मात्र कापला जातो.

नंतर केबल बदला. मग हेडफोन थेट यंत्राच्या फोन्स सॉकेटमध्ये लावून ऐका. हेडफोनमध्ये स्वच्छ आणि आउटपुटमधून फाटका असेल, तर दोष आउटपुटचा जॅक, त्याचा सोल्डर किंवा अगदी शेवटचा टप्पा यांतच आहे. दोन्हीकडे सारखाच फाटत असेल तर दोष त्याच्या मागे आहे. या एका मिनिटाच्या चाचणीने अर्धं यंत्र संशयातून सुटतं.

लॅपटॉप जोडलेला असेल तर त्याचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर तो अर्थिंगचा लूप आहे. डीआय बॉक्स (मधला अर्थिंगचा जोड तोडणारी डबी) लावा. यंत्रात काही बिघडलेलं नाही.

पॅच वाचवा, मग शुद्ध सूर तयार करा

पुढच्या चाचण्यांआधी आतले ३२ आवाज संगणकावर उतरवून घ्या. फंक्शन दाबून ८ नंबरचं बटण पुन्हापुन्हा दाबलं की मिडीचे (वाद्यं आणि संगणक एकमेकांना जोडायच्या पद्धतीचे) पर्याय एकामागून एक येतात. त्यात सिस इन्फो ‘अव्हेल’वर ठेवा, पुढच्या पर्यायात मिडी ट्रान्समिटला यस म्हणा. संगणकावर ४,१०४ बाइटची फाइल यायला हवी, आणि मिडीच्या वेगाने तिला सव्वा सेकंदाहून किंचितच जास्त वेळ लागतो. फाइल त्याहून लहान आली तर दोष बहुधा स्वस्तातल्या यूएसबी-मिडी केबलचा असतो. अशा केबल मोठे सिसेक्स संदेश (यंत्राचा स्वतःचा डेटा नेणारे मिडी संदेश) अर्धवट गिळतात.

आता फंक्शन, मग १४. बॅटरीचं व्होल्टेज दिसेल. नवी बॅटरी ३ व्होल्टच्या आसपास दाखवते. आकडा अडीचच्या खाली असेल तर बदलायची वेळ झाली. बॅटरी उतरल्याने आवाजाचा मार्ग बिघडत नाही, पण मेमरीतले आकडे बिघडतात. आणि बिघडलेल्या आकड्यांचा पॅच ऐकायला हुबेहूब फाटलेल्या आवाजासारखा असतो. फीडबॅक ७वर, मॉड्युलेटर (दुसऱ्या लहरीला बदलणारी लहर) ९९वर, एन्व्हलप (आवाज चढण्या-विरण्याचा आकार) भलतंच. कित्येक ‘नादुरुस्त’ डीएक्स७ फक्त एवढ्यामुळे नादुरुस्त ठरले आहेत.

म्हणून दोष पॅचमध्ये आहे की यंत्रात, हे आधी ठरवायचं. फंक्शन, मग १० हे व्हॉइस इनिशियलाइझ. विचारेल तेव्हा यस, खात्री विचारेल तेव्हा पुन्हा यस. साठवलेल्या आवाजांना धक्का लागत नाही, फक्त हाताखालचा तात्पुरता आवाज कोरा होतो. डीएक्स७मध्ये साइन लहर तयार करणारे सहा ऑपरेटर असतात आणि ते एकमेकांना कसे जोडायचे ते अल्गोरिदम ठरवतो. या कोऱ्या आवाजात अल्गोरिदम १ असतो आणि फक्त पहिल्या ऑपरेटरची लेव्हल ९९, बाकी पाचांची ०. म्हणजे ऐकू येते ती शुद्ध साइन लहर. तिच्यात दुसरा एकही हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतला वरचा सूर) नाही, त्यामुळे खरखर लपायला जागा उरत नाही. वेलॉसिटीची (की किती जोरात दाबली त्याची) संवेदनशीलताही शून्य असते, म्हणून की हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच येतो. मोजमाप करायला याहून चांगला स्रोत यंत्रातच दुसरा नाही.

मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबून ठेवा, म्हणजे ए, ४४० हर्ट्झ. बासरीहूनही साधा, सपाट, गुळगुळीत सूर यायला हवा. आला, तर तुमचं यंत्र ठीक आहे आणि दोष पॅचचा किंवा वाजवण्याच्या पद्धतीचा आहे. पॅचची मूळ फाइल पुन्हा भरा (भरण्याआधी मेमरी प्रोटेक्ट काढायला विसरू नका) आणि पुढचे दोन परिच्छेद वाचा.

बाहेरच्या मिडी कीबोर्डवरून डीएक्स७ वाजवताना आवाज अचानक कर्कश वाटतो, कारण डीएक्स७ची स्वतःची कीबोर्ड वेलॉसिटी १२७पर्यंत पोचतच नाही. मूळ आवाज त्या कमी मर्यादेत बसवलेले आहेत. बाहेरून १२७ आलं की मॉड्युलेटर बेताबाहेर उघडतात आणि सुरात नको तितके हार्मोनिक घुसतात. कीबोर्डचा वेलॉसिटी कर्व्ह बदला किंवा संगणकात कमाल मर्यादा १०० ते ११०च्या दरम्यान ठेवा.

दुसरं कारण कंट्रोलर. मॉड्युलेशन व्हीलचा पॉट घाणेरडा झाला की तो स्वतःच थरथरते आकडे पाठवतो आणि सूर खडबडीत वाजतो. आफ्टरटचची (दाबून धरलेल्या कीवरचा दाब ओळखणारी) पट्टी म्हातारी झाली की तीही असंच करते. या कंट्रोलरची सेटिंगं पॅचमध्ये नसतात, पूर्ण यंत्राची असतात. त्यामुळे आवाज कोरा केला तरी ती तशीच राहतात. फंक्शनमध्ये १७ म्हणजे व्हीलची रेंज, २१ फूट पेडलची, २५ ब्रेथची, २९ आफ्टरटचची. चारही शून्यावर आणा आणि पुन्हा ऐका.

कधी फाटतो, ते ऐका

शुद्ध साइनही फाटत असेल तर दोष यंत्रात आहे. कुठल्या भागात, हे कळायला डीएक्स७चा आवाज बाहेर कसा येतो तेवढं माहीत हवं.

ध्वनी तयार करणारे दोन मुख्य आयसी यामाहाचे स्वतःचे आहेत: एन्व्हलपचा वायएम२१२९० आणि ऑपरेटरचा वायएम२१२८०. सेकंदाला ४९,०९६ नमुने तयार होतात. ते जातात १२ बिटांच्या डॅककडे, बीए९२२१कडे. बारा बिटांत एवढ्या मोठ्या-लहान आवाजांची रेंज मावत नाही, म्हणून यामाहाने एक युक्ती केली. लहान नमुना आला की तो आधी मोठा करून डॅकला द्यायचा, आणि डॅकच्या पुढे अॅनालॉग स्विच आणि रेझिस्टर लावून तो त्याच प्रमाणात परत लहान करायचा. एकपट, निमपट, पावपट, एक-अष्टमांश अशा चार पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक नमुन्यागणिक पायरी बदलू शकते. त्यानंतर सॅम्पल-अँड-होल्ड (नमुना क्षणभर धरून ठेवणारा टप्पा), मग लो-पास फिल्टर (फार उंच वारंवारता गाळणारा), मग व्हॉल्यूम आणि आउटपुटचा ऑप-अँप (सिग्नल वाढवणारा आयसी).

या रचनेतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सूर विरत विरत एक-अष्टमांशाच्याही खाली गेला की त्याला आणखी उचलायला पायरी उरत नाही, वापरातले बिट कमी होत जातात आणि शेपटीला बारीक वाळू ऐकू येते. ती बिघाड नाही, मूळ डीएक्स७ असाच वाजतो. तसंच वरच्या सप्तकात मोठ्या रेशोचे मॉड्युलेटर वापरले की सुराशी न जुळणारी चिरकी शिट्टी येते. तीही बिघाड नाही, ते एलियासिंग आहे. निम्म्या सॅम्पल रेटच्या, म्हणजे साडेचोवीस किलोहर्ट्झच्या वर गेलेले हार्मोनिक परत खाली दुमडले जातात. हे दोन गुण ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका.

आता चाचणी. एडिट मोडमध्ये २७ म्हणजे आउटपुट लेव्हल. वरच्या भागात दर ८ अंकांना आवाजाची उंची निम्मी होते: ९९वर पूर्ण, ९१वर निम्मी, ८३वर पाव, ७५वर अष्टमांश. लेव्हल एकेक अंकाने खाली आणत ऐका, आणि मिक्सरवर गेन वाढवून ऐकू येणारी उंची साधारण सारखी ठेवा. मग खालच्यापैकी काय होतं ते पाहा.

लेव्हल थोडी खाली आणताच आवाज एकदम स्वच्छ झाला, आणि एकट्या सुरापेक्षा सहा-आठ सुरांचा कॉर्ड जास्त फाटत असेल, तर कुठेतरी ऑप-अँप छताला डोकं आपटतोय. वीजपुरवठ्याची एखादी बाजू कमी झालीय किंवा ऑप-अँप गेलाय. लहर एकाच बाजूला कापली जात असेल तर उणे किंवा अधिक १५ व्होल्टपैकी एक पुरवठा गेल्याची शक्यता मोठी.

फाटण्याचा पोत एखाद्या ठरावीक आकड्यावर अचानक बदलला, आणि तिथून बरोबर ८ अंक खाली पुन्हा बदलला, तर तो पायरी बदलणारा अॅनालॉग स्विच, त्याच्याकडे येणाऱ्या कंट्रोल लाइन किंवा त्याचे रेझिस्टर आहेत. पायऱ्यांचं प्रमाण बिघडलं की एका पायरीवरून दुसरीवर जाताना लहरीला सांधा पडतो.

लेव्हल कितीही खाली आणली तरी फाटणं आवाजाबरोबर तसंच खाली येत राहिलं, जोर बदलला पण पोत तोच राहिला, तर संशय डॅकवर किंवा त्याच्याकडे येणाऱ्या बारा डेटा लाइनवर घ्या. कारण लहान सुरालाही आधी मोठं करून डॅकला दिलेलं असतं, त्यामुळे वरचे बिट जवळजवळ कायम कामात असतात. सर्वांत वरचा बिट अडकला असेल तर लहरीचा शून्याखालचा अर्धा भाग जागा सोडून बसतो आणि आवाज ओळखण्यापलीकडे कर्कश होतो. मधला बिट गेला तर सूर ओळखू येतो, पण त्याला करवतीचे दात फुटतात. सर्वांत खालचा बिट गेला तर फक्त किंचित वाळू वाढते, आणि ती मूळ वाळूत मिसळून जाते.

आणि खरखर सुराशी संबंधित नसेल, कुठलीही की न दाबताही येत असेल, तर डिजिटल भाग जवळजवळ निर्दोष समजा. पुरवठा, व्हॉल्यूमचा स्लायडर, कंडेन्सर यांकडे जा.

एका ऑपरेटरचाच दोष आहे का हेही पाहून घ्या. एडिटमध्ये ७ म्हणजे अल्गोरिदम, तो ३२ करा. यात सहाही ऑपरेटर थेट बाहेर वाजतात. एकेकाला ९९ आणि बाकीच्यांना ० देऊन सहा वेळा ऐका. एडिटमध्ये १ ते ६ या बटणांनी ऑपरेटर बंद-चालूही करता येतात. सहावा ऐकताना फीडबॅक, म्हणजे ८, शून्यावर आहे ना ते बघा. सहाही सारखेच फाटत असतील तर यामाहाचे आयसी सोडा आणि डॅकपासून पुढे शोधा. एकच ऑपरेटर बिघडलेला असेल किंवा एकाच की वर ठोके मारत राहिल्यावर साधारण सोळात एकदा विचित्र सूर येत असेल, तरच त्या मोठ्या आयसींवर बोट ठेवायचं. असं क्वचित होतं, आणि झालंच तर सुटा आयसी दुसऱ्या मेलेल्या डीएक्स७मधूनच मिळतो.

यंत्र उघडताना

प्लग सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. दहा मिनिटं थांबा. पुरवठ्याच्या मोठ्या कंडेन्सरवर चार्ज उरला नाही ना, ते मीटरने पाहूनच हात घाला. ट्रान्सफॉर्मरच्या मुख्य विजेच्या बाजूला, फ्यूज आणि स्विचच्या टोकांना, यंत्र चालू असताना कधीही हात जाऊ देऊ नका. हा भाग ज्यांना नवा आहे त्यांनी इथून पुढचं काम जाणत्या माणसाच्या शेजारी बसूनच करावं.

स्क्रू कुठला कुठे होता त्याचे फोटो काढत जा, कारण लांबी वेगवेगळी असते. फ्लॅट केबल आणि कनेक्टर एकेक करून काढून परत घट्ट बसवा. चाळीस वर्षांत पिनांवर काळपट थर चढतो आणि नुसतं काढून बसवण्यानेही पुष्कळ फाटके आवाज बरे होतात. एवढं करून आधी ऐका, मगच पुढचं उचला.

पुरवठा मोजणं

मीटरचं काळं टोक ग्राउंडला, यंत्र चालू, एक हात खिशात.

अधिक ५ व्होल्टच्या लाइनवर ४.७५ ते ५.२५ हवं. अधिक १५ आणि उणे १५वर १४.२५ ते १५.७५. मग मीटर एसीवर लावून तेच बिंदू पुन्हा मोजा. १५ व्होल्टच्या लाइनवर १० मिलिव्होल्टच्या वर आणि ५ व्होल्टवर ५०च्या वर काही दिसलं, तर आमच्या अनुभवात ते सोडून देण्यासारखं नसतं. ही रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली एसीची लहर, आपल्याकडे १०० हर्ट्झची असते, ५०ची नव्हे, कारण ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) लहरीचे दोन्ही अर्धे वापरतो. कानाला ती जाड घरघर लागते आणि सुराच्या वरही थरथर चढवते.

रिपल आली तर दोष बहुधा ब्रिजच्या पुढच्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा. तो बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंश सेल्सिअसचा प्रकार घ्या. उंची आणि पायांमधलं अंतरही मोजून न्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं मिळतं, पण चांगल्या कंपनीचं नाव सांगून मागा. वर्षानुवर्षं कपाटात पडलेला जुना माल स्वस्तात मिळाला तरी नको. पट्टीची बाजू म्हणजे उणे. उलटा बसला तर फुटतो.

रेग्युलेटरच्या आत येणारं व्होल्टेज पुरेसं आहे आणि बाहेरचं कमी आहे, तर रेग्युलेटर गेला किंवा पुढे कुणीतरी जास्त करंट ओढतंय. रेग्युलेटरच्या पायांचे सोल्डर भिंगाखाली बघा. उष्णतेने तिथे गोल भेग पडते, त्यालाच आपले मेकॅनिक ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. थोडं नवं सोल्डर देऊन पुन्हा वितळवलं की काम झालं.

स्लायडर, जॅक आणि कंडेन्सर

व्हॉल्यूमचा स्लायडर सरकवताना चरचरतो आणि एका जागी थांबवला की शांत होतो, तर तो घाणेरडा आहे. स्लायडरसाठीचा, वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर एक छोटा फवारा मारा आणि पन्नास वेळा टोकापासून टोकापर्यंत सरकवा. नेहमीचा गंज काढायचा स्प्रे वापरू नका. तो कार्बनच्या पट्टीवर तेलकट थर सोडतो, त्यावर धूळ बसते आणि सहा महिन्यांत अवस्था आधीपेक्षा वाईट होते. क्लीनर वाळेपर्यंत, निदान पंधरा मिनिटं, यंत्र चालू करू नका.

स्वच्छ करूनही चरचर राहिली तर पट्टीवर डीसी येतोय का ते पाहा. सुराचं इनपुट बंद असताना स्लायडरच्या टोकांवर काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त डीसी दिसला, तर आधीचा कपलिंग कंडेन्सर (डीसी अडवून आवाज पुढे देणारा) गळतोय. तोच बदला. कंडेन्सर वाळला असेल तर उलट लक्षण दिसतं: आवाज फाटत नाही, पण खर्ज नाहीसा होतो आणि पॅच पातळ वाटतात.

मिडीच्या व्हॉल्यूम कंट्रोलने, सीसी७ने, आवाज हळूहळू उतरवताना टप्पे ऐकू येतात. या यंत्रात तो कंट्रोल मोजक्याच पायऱ्यांत चालतो. त्यासाठी कुठलाही भाग बदलू नका, फेड मिक्सरवर करा.

सुराचा माग काढणं

ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम. नसेल तर शंभर रुपयांच्या आत ऐकण्याचा प्रोब होतो. ०.१ मायक्रोफॅरडचा ६३ व्होल्टचा फिल्म कंडेन्सर घ्या, त्याच्या एका पायाला सुई, दुसऱ्याला १० किलोओहमचा रेझिस्टर, आणि पुढे शिल्डेड केबल छोट्या अँपला. शिल्ड यंत्राच्या ग्राउंडला. कंडेन्सर डीसी अडवतो, रेझिस्टर सर्किटवर भार येऊ देत नाही. अँपचा आवाज आधी शून्यावर ठेवा.

पांढरी सहा दाबून ठेवायला कीवर छोटं वजन ठेवा. आता शेवटाकडून मागे या: आउटपुट जॅक, शेवटचा ऑप-अँप, स्लायडर, फिल्टर, सॅम्पल-अँड-होल्ड. ज्या टप्प्याच्या बाहेर फाटका आणि आत स्वच्छ सूर असेल, तोच टप्पा दोषी. स्कोपवर फिल्टरनंतर ४४० हर्ट्झची गुळगुळीत साइन दिसायला हवी. तिच्या एका आवर्तनात साधारण ११२ नमुने असतात, त्यामुळे फिल्टरच्या आधी बारीक पायऱ्या दिसल्या तर घाबरू नका. फिल्टरनंतरही त्या तशाच दिसल्या तर फिल्टर काम करत नाही. डॅकच्या थेट पायावर दिसणारं चित्र गोंधळाचं असतं, कारण तिथे पायऱ्या परत लहान झालेल्या नसतात. त्यावरून निर्णय देऊ नका.

ऑप-अँप तपासायची सोपी खूण म्हणजे त्याच्या दोन इनपुटमधला डीसी फरक. निरोगी असताना तो जवळजवळ शून्य असतो. तिथे शेकडो मिलिव्होल्ट असतील किंवा आउटपुट १३-१४ व्होल्टवर चिकटलेलं असेल, आणि दोन्ही बाजूंचा पुरवठा बरोबर असेल, तर आयसी गेला. काढताना जुन्या बोर्डच्या तांब्याची काळजी घ्या. पाय आधी कटरने कापा, मग एकेक पाय वेगळा काढा, भोकं पंपाने साफ करा. आयर्न ३२० ते ३५० अंश, एका पायावर तीन सेकंदांहून जास्त नाही. नव्या आयसीसाठी बेस बसवा म्हणजे पुढच्या वेळी बोर्ड तापवायला नको. हातात अँटिस्टॅटिक पट्टा असू द्या. डॅकच्या शेजारी काम करताना तर नक्कीच.

आयसी बदलण्याआधी डॅकच्या बारा डेटा पायांवरही स्कोपचं टोक ठेवून पाहा. सूर वाजत असताना प्रत्येक पाय वर-खाली उड्या मारत असायला हवा. एखादा कायम शून्यावर किंवा कायम पाचवर असेल तर मागच्या आयसीपर्यंतची ती रेघ मीटरच्या कंटिन्युइटीवर तपासा. बहुतेकदा तुटलेला ट्रॅक किंवा ड्राय सोल्डर निघतो. बाराही उड्या मारतायत आणि तरी बाहेर करवतीचे दात आहेत, तर डॅक बदलायचा. बीए९२२१ आता नवा बनत नाही. जुन्या साठ्यातला घ्यावा लागतो, आणि त्यात नकली मालही फिरतो, म्हणून बेस लावूनच बसवा.

कधी फाटतो, कधी नाही

चालू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं फाटतो आणि मग सुधारतो, तर वाळलेला कंडेन्सर. सुरुवातीला स्वच्छ आणि तापल्यावर फाटतो, तर आयसी किंवा ड्राय सोल्डर. हेअर ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर ठेवून बोर्डचा एकेक भाग गरम करा, फ्रीझिंग स्प्रेने एकेक आयसी गार करा. ज्या जागेवर आवाज बदलेल तिथेच दोष. लाकडी काडीने बोर्ड अलगद दाबून पाहिलं तर तुटका सांधाही सापडतो. धातूची वस्तू यासाठी वापरायची नाही.

बॅटरी बदलून ठेवा

यंत्र उघडलंच आहे तर सीआर२०३२ बॅटरीही बदला. मूळ बॅटरी बोर्डवर सोल्डर केलेली असते. ती काढून तिथे होल्डर बसवा, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरिंगची गरज नाही. बॅटरी निघताच मेमरी पुसली जाते, म्हणून आधी उतरवलेली ४,१०४ बाइटची फाइल इथे उपयोगी पडते. बॅटरीला आयर्नने थेट कधीही उष्णता देऊ नका.

झाकण लावण्याआधी पुन्हा आवाज कोरा करा, पांढरी सहा दाबा, लेव्हल ९९पासून ७५पर्यंत एकेक अंकाने उतरवा. हेडफोनमध्ये, मग आउटपुटमधून. नंतर दहा सुरांचा कॉर्ड स्लायडर पूर्ण वर ठेवून. मग यंत्र अर्धा तास चालू ठेवा, तापू द्या, आणि हे सगळं एकदा परत ऐका. त्यानंतरच स्क्रू आवळा.